होकायंत्रावर विश्वास केव्हा ठेवावा?

लोणारच्या विवराकाठी होकायंत्र घेऊन येणारी मंडळी मला हमखास विचारतात, ‘इथल्या दगडाने सुई हलते म्हणतात, मग वरून जाणारी विमाने वाट चुकत नाहीत का?’

सुई हलू शकते, हे खरे. बुलढाणा जिल्ह्यातला हा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाने पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा टिपून ठेवली. पण दगडाचा हा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. कित्येक किलोमीटर उंचीवरच्या वैमानिकाची खरी अडचण दगडात नसते. ती विमानातच असते.

विमानातले लोखंड आणि तारांतून वाहणारी वीज सुईला आपल्याकडे ओढतात. म्हणून विमान जमिनीवर निरनिराळ्या दिशांना उभे करून होकायंत्र तपासतात. दुरुस्त करूनही जी चूक उरते, तिचे कार्ड होकायंत्राशेजारी लावतात.

दुसरी चूक गतीची. आपल्या उत्तर गोलार्धात सुईचे उत्तर टोक जमिनीकडे झुकू पाहते. ती आडवी राहावी म्हणून दक्षिणेची बाजू किंचित जड ठेवतात. पूर्वेकडे निघालेल्या विमानाने वेग वाढवला की ही जड बाजू मागे रेंगाळते आणि विमान उत्तरेकडे वळल्याचा भास होतो. वेग कमी केला की उलटे, दक्षिणेचा भास. उत्तरेकडून वळताना तर होकायंत्र सुरुवातीला चक्क विरुद्ध वळण दाखवते!

पाच अंशांची चूक किरकोळ वाटेल. पण तीच दिशा धरून दोनशे किलोमीटर गेल्यास विमान सुमारे सतरा किलोमीटर बाजूला पडते. ढगांत, इंधन संपत आले असताना हे अंतर जिवावर बेतू शकते.

आज उपग्रह वाट दाखवतात. तरीही साधे होकायंत्र विमानात असतेच. कारण विमानातली वीज गेली तरी ते चालते. मात्र विमान सरळ, समतल आणि एकाच वेगाने जात असतानाच ते वाचायचे, हा वैमानिकाचा पहिला धडा.

छत्रपती संभाजीनगरच्या धावपट्टीच्या एका टोकाला ०९ हा आकडा आहे. म्हणजे सुमारे ९० अंश, पूर्व दिशा. उड्डाणापूर्वी तिथे विमान सरळ उभे केले की वैमानिक होकायंत्राकडे एक नजर टाकतो. दोन्ही जुळले, तर पुढे जायचे. नाही जुळले, तर कारण शोधायचे.