स्कॅलॉप आणि कोळंबी: पानात एकत्र, तव्यावर नाही

अमेरिकेतल्या बाजारात कोळंबीच्या शेजारी स्कॅलॉप मांडलेले दिसतात. मॅसॅच्युसेट्समधलं न्यू बेडफर्ड बंदर तर स्कॅलॉपसाठीच नावाजलेलं आहे. तिथल्या मराठी घरांना कोळंबी पाठ असते, स्कॅलॉप मात्र नवा. दोन्ही महाग आणि दोन्ही मिनिटांत बिघडणारे. म्हणून काही समजुती आधीच दूर केलेल्या बऱ्या.

गैरसमज: स्कॅलॉप हा कोळंबीचाच भाऊबंद.
वस्तुस्थिती: तो तिसऱ्यांच्या जवळचा, दोन शिंपल्यांतला जीव. तिसरीचं सगळं मांस आपण खातो. स्कॅलॉपचा बहुतेक ठिकाणी फक्त शिंपले मिटणारा स्नायू विकला जातो. स्कॅलॉप शिंपल्यांची उघडझाप करत पोहतो, म्हणून हा स्नायू चांगला जाडजूड असतो. त्याच्या कडेला एक छोटी चिवट पट्टी चिकटलेली असते. ती शिजून मऊ होत नाही. बोटांनी ओढून काढून टाकावी.

गैरसमज: पांढराशुभ्र स्कॅलॉप सर्वांत ताजा.
वस्तुस्थिती: ताज्या स्कॅलॉपचा रंग सायीसारखा असतो, कधी किंचित गुलाबी किंवा नारिंगी झाक असते. एकसारखा शुभ्र, फुगीर स्कॅलॉप बरेचदा फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेला असतो. तव्यावर तो पाणी सोडतो आणि आकसतो. पैसे पाण्याचे जातात. ‘ड्राय’ असं लिहिलेले स्कॅलॉप मागून घ्यावेत.

गैरसमज: दोन्ही एकदमच तव्यात टाकले तरी चालतं.
वस्तुस्थिती: पाऊंडात 16 ते 20 बसणारी सोललेली कोळंबी एका बाजूने साधारण दीड मिनिटात होते, जाड स्कॅलॉपला प्रत्येक बाजूने दोनेक मिनिटं लागतात. त्यातून गर्दी झाली की तव्याची आच उतरते, पाणी सुटतं आणि खमंग भाजलं जाण्याऐवजी सगळं वाफेवर शिजतं. स्कॅलॉप कागदी रुमालाने कोरडे करून कडक तापलेल्या तेलात सुटे सुटे ठेवावेत आणि खालची बाजू तांबूस होईपर्यंत हलवू नयेत. उलटून झाले की काढून ठेवावेत. मग त्याच तव्यात लसूण आणि कोळंबी परतावी आणि गॅस बंद करून स्कॅलॉप वरून घालावेत.

गैरसमज: जास्त शिजवलं की मऊ होतं.
वस्तुस्थिती: हा नियम मटणाचा. मटणातल्या चिवट तंतूंना मऊ व्हायला वेळ लागतो. इथे असे तंतू फार कमी. जास्त आच लागली की प्रथिनं आवळतात, पाणी बाहेर पडतं आणि मांस रबरासारखं होतं. इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली कोळंबी झाली समजावी, ‘ओ’सारखं वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला. नुसत्या लाल रंगावर मात्र जाऊ नये. कोळंबीतलं ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य उष्णतेने प्रथिनापासून सुटतं आणि लाली दिसते. ती आधी बाहेरून येते. सर्वांत जाड भागही अपारदर्शक झालेला हवा. थर्मामीटर असेल तर दोन्हींसाठी 63 अंश सेल्सिअस हा सुरक्षित आकडा.

गैरसमज: मीठ-लिंबू लावून तासभर मुरवलं तरच चव लागते.
वस्तुस्थिती: लिंबाच्या आंबटपणाने प्रथिनं आचेशिवायच घट्ट होऊ लागतात आणि मिठाने पाणी सुटतं. कोळंबीला हळद-मीठ दहा-पंधरा मिनिटं पुरे. स्कॅलॉपला तव्यात टाकतानाच मीठ लावावं. लिंबू शेवटी, वरून पिळावं.

गैरसमज: कोळंबीची ॲलर्जी असली तरी नीट शिजवलेला स्कॅलॉप चालतो.
वस्तुस्थिती: ॲलर्जी आणणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन दोन्हींत असतं आणि शिजवल्याने ते निष्प्रभ होत नाही. काहींना एकाचाच त्रास होतो, काहींना दोन्हींचा. हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, घरी चाखून नाही. शिवाय वरच्या पद्धतीत तवा एकच असतो, त्यामुळे पानातली कोळंबी बाजूला काढून भागत नाही. पाहुणे येणार असतील तर बाजारात जाण्याआधीच त्यांना विचारून घ्यावं.