सही नेमकी कुणाला बांधते?

पहाटे मानकोली नाक्यावर कंटेनरची रांग लागलेली असते. भिवंडीच्या गोदामांतला माल भरून गाड्या नाशिकच्या दिशेनं सुटतात, आणि त्यांच्या डाव्या कडेनं काही वेडे जीव सायकली हाणत निघालेले दिसतात. अंगात चमचमणारं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा. रांजणोली, पडघा, शहापूर आणि पुढे कसारा घाट. 'ब्रेव्हे', म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सफर, करणारे असतील तर २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात. शर्यतवाले असतील तर त्याहून पुष्कळ घाई.

यातल्या बहुतेकांनी निघण्याआधी एक कागद भरलेला असतो. हल्ली कागद तरी कसला, मोबाइलवरचा एक चौकोन. टिक केली की झालं. मजकूर साधारण असा : सायकल चालवताना इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो, हे मला ठाऊक आहे, काही झालं तर आयोजक, स्वयंसेवक, प्रायोजक यांच्यावर मी किंवा माझे वारस कसलाही दावा लावणार नाही. हे सगळं वाचून मग सही करणारा माणूस मला अजून भेटायचाय. सही करणाऱ्याला वाटतं, आपण सगळं लिहून दिलं. आयोजकाला वाटतं, आपण सुटलो. मजा अशी, की दोघांचाही अंदाज बऱ्यापैकी चुकलेला असतो.

आधी त्या कंटेनरचंच बघा. कागद झाला सायकलस्वार आणि आयोजक यांच्यात. कंटेनरचा मालक त्यात कुठेच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं त्याच्या गाडीला त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा आहे, आणि सायकलस्वार हा तो त्रयस्थ. गाडीवाल्याच्या चुकीनं धडक बसली तर ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. आयोजकाला लिहून दिलेल्या कागदामुळे त्यातला एक रुपयाही कमी होत नाही. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. म्हणजे या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा धोका त्या कागदाच्या कक्षेतच येत नाही!

हाच कायदा सार्वजनिक रस्त्यावर राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावायला मनाई करतो, पण फक्त मोटार वाहनांच्या शर्यतीला. सायकल मोटार वाहन नाही, ती या कलमातून अलगद निसटते. आयोजकाची पायपीट मात्र चुकत नाही. भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयात, आणि पॅडल मारत पडघा गाठलं की ठाणे ग्रामीण पोलिसांची हद्द. एकाच शर्यतीच्या बंदोबस्तासाठी दोन दारं.

मग कागदाच्या कक्षेत येतं तरी काय? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला सापडलं ते थेट कॅलिफोर्नियात. तिथे सायकल शर्यतींवरून दोन खटले गाजले, आणि दोन्हींत प्रतिवादी एकच, अमेरिकेची सायकल महासंघटना. पहिल्यात बेनेट नावाचा हौशी स्पर्धक वाहतुकीला बंद केलेल्या मार्गावर सायकल चालवत होता, आणि त्या बंद मार्गावर सोडलेल्या एका मोटारीवर तो आदळला. सही त्यानं केलेली होतीच. १९८७ साली अपील न्यायालय म्हणालं, थांबा. शर्यतीत पडणं-झडणं स्पर्धकानं गृहीत धरलं असेल, पण बंद रस्त्यावर समोर मोटार येईल हे त्याला अपेक्षित होतं का, याचा आधी निवाडा होऊ द्या. दुसरी बार्बरा बुकन. १९८२ च्या शर्यतीत सायकलींचा गुंता झाला, ती पडली आणि डोक्याला जबर मार बसला. तिचा दावा मात्र १९९१ साली त्याच राज्याच्या अपील न्यायालयात सहीपुढे टिकला नाही. घोळक्यात चाकाला चाक लागून पडणं हा शर्यतीचाच भाग, आणि तो तिनं जाणूनबुजून पत्करला होता. (हीच बार्बरा पुढे २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगची सुवर्णपदकं जिंकली. कोर्टात हरलेल्या बाईला काय म्हणायचं ते म्हणा.)

सह्या जवळपास सारख्याच, निकाल दोन दिशांना. खेळाच्या पोटातून येणारा धोका एका बाजूला, आणि कुणाच्या तरी गलथानपणानं बाहेरून येऊन पडलेला धोका दुसऱ्या बाजूला. ब्रिटननं तर १९७७ साली कायदाच केला, की व्यवसायात निष्काळजीपणामुळे आलेल्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी कुठल्याही अटीनं झटकता येणार नाही.

आपल्याकडे असं थेट कलम नाही. आपल्याकडे आहे एक साडी. मद्रासच्या एका लाँड्रीनं गिऱ्हाइकाची नवी साडी हरवली आणि पावतीमागे छापलेली अट दाखवली : कपडा हरवला तर किमतीच्या फक्त १५ टक्के. साठच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयानं ती अट लोकहिताला बाधक म्हणून उडवून लावली. अशा अटी चालू दिल्या तर हलगर्जीपणालाच बक्षीस मिळेल. कापडावर जगणाऱ्या भिवंडीत हा निकाल चांगलाच पटावा. त्यामागचा आधार म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. साखळीवर चालणारी 'रोव्हर' सायकल इंग्लंडात आली १८८५ साली, म्हणजे कायदा आजच्या सायकलीहून तेरा वर्षांनी मोठा. त्याचं २३ वं कलम लोकहिताविरुद्धचे करार रद्द ठरवतं, आणि २८ वं सांगतं, की करारातले हक्क मागायला कोर्टाची पायरी चढायचीच नाही अशी सरसकट बंदी चालणार नाही. 'कसलाही दावा लावणार नाही' हे वाक्य नेमकं या दोन कलमांच्या तावडीत सापडतं.

तरी साडीचा न्याय सायकलीला जसाच्या तसा बसेलच असं नाही. कपडे धुवायला टाकणं ही गरज. कसारा घाट चढायची सक्ती कुणी केलेली नसते. राजीखुशीनं पत्करलेल्या धोक्याबद्दल तक्रार चालत नाही, हे तत्त्व आपली न्यायालयंही मानतात. अट एवढीच, की धोका माहीत असायला हवा आणि माणूस सज्ञान हवा. अठराच्या आतल्या मुलाचा करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ सालीच कलकत्त्याच्या मोहोरीबीबी खटल्यात ठरवून टाकलं. मोठ्यांच्या सहीला मात्र निदान काही वजन आहे.

पण 'माहीत असायला हवा' यात खरी गोम आहे. 'सर्व प्रकारचे धोके' असं मोघम लिहिणारा आयोजक स्वतःलाच कमी वाचवतो. 'मानकोली ते रांजणोली सर्व्हिस रोडवरून कंटेनर अचानक आत वळतात, कसाऱ्याच्या उतारावर पावसात ब्रेक उशिरा लागतो' असं लिहिणारा जास्त सुरक्षित, आणि त्याचा स्पर्धकही. माझं मत विचाराल तर अशी चार ओळींची यादी बाकीच्या दोन पानी कायदेशीर भाषेहून मोलाची. तिच्या खाली रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर असला की कागद कामाचा झाला.

आणि खड्डे? त्यांच्याशिवाय भिवंडीच्या रस्त्याची गोष्ट पुरी व्हायची नाही. रस्त्याच्या अवस्थेला आयोजक जबाबदार नाही, अशी ओळ बहुतेक कागदांत असते, आणि ती रास्तही आहे. रस्ता काही त्यानं बांधलेला नसतो. पण ज्यानं बांधला किंवा जो सांभाळतो, त्याला कुणी काही लिहून दिलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायचा आदेश दिला. पैसे आधी यंत्रणेनं भरायचे आणि मग जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायचे. त्या कंत्राटदाराच्या हातात सायकलस्वाराच्या सहीचा कागद दिला, तरी त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.