खडशीच्या गळासाठी काठी व दोरीची निवड

पुण्यातील नारायण पेठेच्या काठाने वाहणाऱ्या मुठेचा खडशी अथवा महसीर या माशाशी जुना संबंध आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली या दख्खनी माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, ते पुण्यानजीकच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून. आज शहरातील पात्रात सांडपाणी मिसळते आणि या माशास तर स्वच्छ, वाहते व खडकाळ पाणी लागते. म्हणून हौशी मंडळींना नदीच्या वरच्या अंगास जावे लागते.

इंग्लंडमधील बार्बेल हा खडशीचा कुळबंधू होय. दोहोंच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात व दोन्ही मासे गळ लागताच जोराने पळतात. खडशी बहुधा प्रवाहाच्या दिशेने खडकांकडे धाव घेते. त्या वेळी बारीक दोरी तुटते. गळ तोंडात रुतून राहिलेला मासा पुढे मरण्याचा संभव असतो. दोरीचा तुटका तुकडा काठावरील पक्ष्यांच्या व गुरांच्या पायांत गुंततो. म्हणून दोरी निवडताना प्रथम पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. दोरी : नायलॉनच्या तंगूसावर लिहिलेला भार हा कोऱ्या, बिनगाठीच्या दोरीचा असतो. गाठीपाशी ताकद घटते. गाठ आवळण्यापूर्वी पाण्याने भिजवावी. खडकावर घासलेला दोरीचा भाग कापून टाकावा. खडकाळ पात्रात गळाजवळचा हातभर तुकडा अधिक जाड घ्यावा.

२. काठी : काठी दोरीस अनुरूप हवी. काठीच्या टोकास दोरी बांधून स्प्रिंगच्या काट्याने ओढावी. टोक मुठीशी काटकोनात आले की काट्यावरील वजन पाहावे. त्याच्या सुमारे पाचपट भाराची दोरी त्या काठीस योग्य, असा जुना ठोकताळा आहे. उदाहरणार्थ, काटा दीड किलो दाखवील तर साडेसात किलो भाराची दोरी घ्यावी. फार ताठ काठी धक्का न सोसता दोरी तोडते. फार लवचिक काठीने मासा खडकांपासून वळवता येत नाही.

३. रीळ : रिळाचा दाब दोरीच्या भाराच्या चतुर्थांशाइतका ठेवावा. साडेसात किलोच्या दोरीस तो दोन किलोच्या आत असावा, म्हणजे मासा धावताना दोरी सुटत जाईल.

फार हलके साहित्य वापरणेही हितावह नाही. त्याने मासा दीर्घकाळ झुंजून थकतो व सोडल्यावरही जगत नाही. लोणावळ्यानजीक वळवण येथील टाटा कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्ले तयार केली जात आहेत. पकडलेली खडशी ओल्या हाताने गळ काढून पाण्यात सोडल्यास या कार्यास हातभार लागेल.

पावसाळा हा तिच्या विणीचा काळ असल्याने त्या काळात गळ टाकू नये. देहू, आळंदी येथील इंद्रायणीच्या डोहांतील मासे भाविक पूज्य मानतात. तेथेही गळ टाकू नये. जलाशयातील मासेमारीचा हक्क पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा तिची परवानगी आधी घ्यावी.