फाईल हरवली नाही, नुसती दिसत नाही



ओसीआय कार्डाचे काम आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी पडतेच. २०२१ साली भारत सरकारने त्याचे नियम बरेच सोपे केले. पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट घेतला की कार्ड पुन्हा काढावे लागत नाही. त्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो एकदाच, पासपोर्ट हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, सरकारी संकेतस्थळावर चढवायचा. त्याला फी नाही. (पती किंवा पत्नीच्या नात्याने कार्ड मिळाले असेल, तर मात्र दर नव्या पासपोर्टला हे करावे लागते.)

आमच्या नेपरव्हिलच्या काका-काकूंचे गाडे अडते ते नियमांपाशी नव्हे. ते अडते ‘चूज फाईल’ हे बटण दाबल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यापाशी. बारीक अक्षरांत शंभर नावे, त्यांतली निम्मी आकड्यांची. ‘मुलीने फोटो पाठवला होता, मी ठेवलाही होता, आता गेला कुठे?’ हा प्रश्न मला देवळात चपला घालता घालता विचारला जातो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती खिडकी सगळ्या फाईली दाखवत नाही, हे आधी लक्षात घ्या. संकेतस्थळाने फोटोसाठी फक्त जेपीजी मागितले असेल, तर बाकीच्या फाईली ती लपवून ठेवते. विंडोजमध्ये खाली उजवीकडे, फाईलच्या नावाच्या चौकटीशेजारी, एक छोटी यादी असते. तिथे ‘ऑल फाईल्स’ निवडले की लपलेले सारे दिसू लागते. पण दिसले म्हणजे चालेल असे नाही. आयफोन २०१७ पासून फोटो बहुधा एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो, आणि जेपीजी मागणारे संकेतस्थळ तो परत पाठवते. त्यावर उपाय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. त्यानंतर काढलेले फोटो जेपीजी होतात. आधीचे आहेत तसेच राहतात, तेव्हा नवा फोटो काढणेच बरे.

आता डोळ्यांची सोय. त्याच खिडकीत वर उजवीकडे चित्र बदलण्याचे बटण आहे. ‘लार्ज आयकॉन्स’ निवडलेत की नावांऐवजी फोटोच दिसतात. कंट्रोल कळ दाबून माउसचे चाक फिरवले तरी चित्रे लहानमोठी होतात. पीडीएफ शोधायची असेल तर ‘डिटेल्स’ बरे. त्यात ‘डेट मॉडिफाइड’ या शीर्षकावर टिचकी मारली की तारखेप्रमाणे रांग लागते. उलटी लागली तर पुन्हा एकदा मारा, सर्वांत नवी फाईल वर येईल. शेजारीच ‘प्रिव्ह्यू’चे बटण आहे. त्याने निवडलेला कागद उजव्या बाजूला उघडून दिसतो. माझ्या मते हे सर्वांत मोलाचे, कारण पासपोर्टऐवजी सोशल सिक्युरिटीचा कागद चुकून कुठे गेला तर तो परत मागवता येत नाही. मॅकवर हेच काम स्पेसबार करतो: फाईल निवडा आणि दाबा.

‘माझे कागद’ असे एक फोल्डर करा. त्यावर उजवी टिचकी मारून ‘पिन टू क्विक ॲक्सेस’ म्हणा, की ते दर वेळी खिडकीच्या डाव्या कडेला तयार सापडते. मॅकमध्ये ते फाइंडरच्या डाव्या पट्टीत ओढून टाकावे. नावे देताना वर्ष आधी घाला, मग महिना, मग दिवस: ‘२०२५-०३-०४ पासपोर्ट’. इथले लोक महिना आधी लिहितात, आपण दिवस. वर्षापासून सुरुवात केली की घोळ मिटतो आणि नावाप्रमाणे लावलेली यादीही आपोआप तारखेप्रमाणे लागते. नावे इंग्रजी अक्षरांत दिलीत तर संकेतस्थळे कुरकुरत नाहीत.

घरी संगणक नसेल तर नेपरव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाच्या निकोल्स, नेपर बुलेव्हार्ड आणि नाइन्टी-फिफ्थ स्ट्रीट या तिन्ही शाखांत वापरायला मिळतो. फक्त तिथल्या ‘डाउनलोड्स’मध्ये आपला पासपोर्ट मागे ठेवून येऊ नका. काढून टाका आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी करा.

तरुण सभासदांना एक विनंती. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत वीस मिनिटे जातातच. तेवढ्या वेळात एखाद्या काकूंच्या लॅपटॉपवर ही खिडकी लावून द्या. माउस मात्र त्यांच्याच हातात राहू द्या.