आकस, अढी, डूख, वैर

बारामती-इंदापूरच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं इंग्रजी शब्द पाठ करताना दिसतात: मॅलिस, स्पाइट, ग्रज, एन्व्ही, हेट्रेड. वहीत बहुतेकांपुढे अर्थ एकच, ‘द्वेष’. इतक्या छटा एका शब्दात कोंबायची काही गरज नाही. याच मुलांच्या घरी, शेताच्या बांधावर, यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला नेमका मराठी शब्द रोज वापरात आहे.

कायद्याने पाळलेला फरक

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 मध्ये एन्मिटी, हेट्रेड आणि इल-विल हे शब्द शेजारीशेजारी आहेत. जुन्या दंड संहितेच्या 153-अ कलमातही ते तसेच होते. एन्मिटी म्हणजे वैर. त्याला समोर दुसरी बाजू लागते. हेट्रेड म्हणजे द्वेष. तो एकट्यालाही करता येतो, समोरच्याला पत्ताही नसतो. इल-विल म्हणजे दुसऱ्याचं वाईट व्हावं ही इच्छा.

मंत्र्यांच्या शपथेत या इल-विलला मराठीत ‘आकस’ म्हटलं आहे. बारामतीचे तेव्हाचे आमदार अजित पवार यांनी 5 डिसेंबर 2024 रोजी उपमुख्यमंत्रिपदाची आणि इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांनी 15 डिसेंबरला नागपुरात मंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा आकस न बाळगण्याचं वचन दोघांनीही उच्चारलं. ही निवड मला अगदी अचूक वाटते. आकस धरणाऱ्याच्या हातात सहसा काहीतरी अधिकार असतो. आकसाने बदली होते, आकसाने अर्ज अडकतो. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्या मनातल्या कडवटपणाला आपण सहसा आकस म्हणत नाही.

बांध कोरला, तिथून पुढे

नांगरटीच्या वेळी शेजारी ट्रॅक्टर जरा आत घालतो आणि बांधाचं एक तास कोरतो. पुढच्या वर्षी आणखी एक. ज्याचा बांध गेला त्याला आधी येतो तो राग. तिथल्या तिथे बोलून, चार शिव्या देऊन तो निवतो. बोलणं झालं नाही तर मनात अढी बसते. रामराम चालू राहतो, पण लग्नपत्रिका द्यायला स्वतः जाणं थांबतं.

मग शेजाऱ्याला पाइपलाइन न्यायची असते आणि वाट याच्या रानातून असते. हा संमती देत नाही. अढीचा आता आकस झाला, कारण अडवण्याची ताकद हाती आली. याउलट काही जण गप्प बसतात, हसून बोलतात, आणि वेळेची वाट पाहतात. याला डूख धरणं म्हणतात. हा शब्द सापाबद्दल वापरतात, आणि मला यादीत सगळ्यांत भीती याचीच वाटते. इंग्रजीतला ग्रज त्याच्यापुढे सौम्य आहे. खुन्नस त्यामानाने उघडी असते, चौकात नजरेला नजर भिडली की दिसते.

ऊस तुटायला आल्यावर गाडीची वाट अडवण्यासाठी कुणी स्वतःच्याच रानात चर खणतो. शेजाऱ्याचा ऊस वाळतो, याचंही रान खराब होतं. हा स्पाइट. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं, असं आपण त्याला म्हणतो.

आणि मुलंही एकमेकांशी बोलेनाशी झाली, की ते वैर. शेजारी सख्खा किंवा चुलत भाऊ असेल तर या सगळ्याला एकच नाव आहे, भाऊबंदकी. त्याला इंग्रजीत नेमका शब्द मला सापडलेला नाही.

हेवा आणि मत्सर

त्याच्यासारखं मलाही हवं, हा हेवा. त्याच्याकडे ते नसावंच, हा मत्सर. षड्रिपूंत मत्सर आहे, हेवा नाही. चांगल्या गुणातही खोट काढणं ही असूया.

चुरस आणि तक्रार

2024 मध्ये बारामतीत लोकसभेला नणंद-भावजय आणि विधानसभेला काका-पुतण्या समोरासमोर उभे होते. निवडणुकीतला सामना ही चुरस. त्यावरून कुणाच्या मनातला द्वेष ठरवता येत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाला इंदापूर तालुका आहे. पाणी टेलपर्यंत पोचलं नाही की तिथला शेतकरी वरच्यांवर चिडतो. ती हक्काची तक्रार आहे. तिला बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली तेढ म्हणणं अन्यायाचं आहे.

मिटवायचं असेल तर

बातम्यांत आणि फिर्यादींत ‘पूर्ववैमनस्यातून’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. पंचांनी तरी त्यावर थांबू नये. अढी चहाच्या कपावर सुटते, वैराला मध्यस्थ लागतो, आकसाला वरिष्ठांकडे दाद मागावी लागते.

जमिनीपुरता एक रस्ता सरकारने जानेवारी 2023 मध्ये काढला, तो सलोखा योजनेचा. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान 12 वर्षं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये लागते. तलाठ्याचा पंचनामा हवा आणि दोघांची संमती हवी. योजनेची सध्याची मुदत तलाठ्याकडे विचारून घ्या, आणि प्रकरण अजून अढीवर असेल तर याच हंगामात जा.