'कुली'पासून 'घाटी'पर्यंत : स्थलांतरितांची नावे आणि पूर्वग्रह

निंदाव्यंजक शब्दाचा विचार करताना अभ्यासक सहसा व्युत्पत्तीकडे वळतो. शब्दाच्या मुळातच कोठेतरी विष असले पाहिजे, अशी त्यामागची समजूत असते. परमुलखातून आलेल्या माणसांना चिकटलेल्या नावांच्या बाबतीत हा मार्ग फसवा ठरतो. 'कुली' हे त्याचे ठळक उदाहरण होय. तमिळमध्ये 'कूलि' म्हणजे मजुरी, केलेल्या कामाचा मोबदला. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात पश्चिम भारतातील कोळी जमातीच्या नावाशीही या शब्दाचा संबंध तपासलेला आहे. यांपैकी कोणतीही व्युत्पत्ती ग्राह्य मानली तरी तीत अपमान सापडत नाही. अपमान या शब्दाला त्याच्या प्रवासात मिळाला.

मद्रासहून निघालेले 'ट्रूरो' हे जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी दरबानला पोहोचले आणि नाताळ वसाहतीत उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध हिंदी मजुरांची आयात सुरू झाली. १९११ पर्यंत सुमारे १,५२,००० माणसे अशा रीतीने तेथे गेली. जहाजांच्या याद्यांत प्रत्येकाचे नाव, पित्याचे नाव, गाव आणि जात यांची नोंद होत असे. मात्र धक्क्यावर उतरल्यानंतर वसाहतीच्या व्यवहारात या सर्व तपशिलांची जागा एकाच शब्दाने घेतली. मजुरांमागोमाग स्वतःच्या खर्चाने गुजराती व्यापारी आले, त्यांचे कारकून आले. तेही 'कुली' ठरले. १८९३ मध्ये मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांना 'कुली बॅरिस्टर' म्हणण्यात कोणासही विसंगती वाटली नाही. खरे पाहता ही पदरचना शब्दार्थाच्या दृष्टीने अशक्य आहे. बॅरिस्टर ओझी वाहत नाही. ती शक्य झाली याचा अर्थ असा की तोवर हा शब्द कामाचा वाचक न राहता जन्माचा वाचक झाला होता. काम बदलता येते. जन्म बदलता येत नाही. पूर्वग्रहाला जे स्थैर्य हवे असते ते त्याला या अर्थांतराने मिळवून दिले.

बोलीतील हे अर्थांतर कायद्यातही शिरले. ट्रान्सवालच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने आशियाई लोकांना नागरिकत्व आणि स्थावर मालमत्ता नाकारली, आणि त्या लोकांची गणना करताना कुली, अरब, मलायी अशी नावे घातली. नावांच्या मागे मसुदाकाराने 'तथाकथित' हे विशेषण जोडले आहे. नाव चुकीचे असल्याची जाणीव त्याला होती. तरीही त्याच नावावर त्याने माणसांचा जमिनीचा हक्क बेतला. तिरस्कार रस्त्यावर जन्मतो आणि कचेरीत पोहोचतो, असे आपण मानतो. येथे मात्र कचेरीने रस्त्यावरच्या शब्दाला मोहोर लावून तो परत रस्त्यावर पाठविला.

ज्यांच्यावर हे नाव लादले गेले त्यांच्या प्रतिक्रियाही अभ्यसनीय आहेत. मुसलमान व्यापारी स्वतःस 'अरब' म्हणवू लागले आणि पारशी कारकून 'पर्शियन'. शब्द खोडून काढण्याऐवजी त्याच्या कक्षेतून आपल्यापुरते निसटावे, असा हा प्रयत्न होता. मळ्यातला मजूर मागे राहिला. तमिळ नावांच्या शेवटी येणाऱ्या 'स्वामी'वरून गोऱ्यांनी 'सामी' हे दुसरे हेटाळणीचे नाव घडविले. एखादा हजरजबाबी हिंदी माणूस त्यावर त्या शब्दाचा अर्थ 'धनी' असा आहे हे ऐकवून गोऱ्याला निरुत्तर करी, असे गांधींनी आत्मकथेत नोंदविले आहे. उत्तर चतुर आहे. पण व्युत्पत्तीच्या बळावर शब्द जिंकता येत नाही, हेही त्यातून दिसते. याहून अवघड गोष्ट अशी की, 'कुली' या नावाला आक्षेप घेणाऱ्या गांधींच्याच त्या काळातील लेखनात आफ्रिकी लोकांसाठी 'काफिर' हा शब्द आढळतो, आणि हिंदी लोकांची गणना त्यांच्यात होऊ नये असा आग्रहही आढळतो. आज दक्षिण आफ्रिकेत त्या शब्दासाठी न्यायालयात शिक्षा होऊ शकते.

मजुरांनी स्वतःसाठी वापरलेला शब्द वेगळा होता. इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट'पासून त्यांनी 'गिरमिट' बनविला, आणि त्यावरून 'गिरमिटिया' आला. नाताळ, फिजी, मॉरिशस येथील अनुभवाचा हा शब्द तोतारामजी सनाढ्यांच्या १९१४ मधील फिजीविषयक हिंदी पुस्तकासारख्या लेखनातून आपल्या वाङ्मयात रूढ झाला. गिरमिटाला मुदत असते, सामान्यतः पाच वर्षे. त्यात दोन पक्ष असतात, अटी असतात, आणि म्हणून अटी मोडल्याची तक्रारही असू शकते. 'कुली'ला मुदत नाही. नाताळच्या १८९५ च्या कायद्याने करार संपवून तेथेच राहू पाहणाऱ्यांवर दरसाल तीन पौंडांचा कर बसविला, त्याचा आशय नेमका हाच होता : गिरमिट संपले तरी कुली संपत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात नाताळची मजूरभरती बंद करण्याचा ठराव आणला आणि पुढल्या वर्षी ती थांबली. कर मात्र १९१४ पर्यंत टिकला.

मॉरिशसमध्ये पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत तो पूर्वी 'कुली घाट' म्हणून ओळखला जाई. आता त्याचे नाव 'आप्रवासी घाट' असून २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच बेटावरील कवी खाल तोराबुली यांनी १९९२ मध्ये उलट वाट धरली आणि 'कुली' शब्द टाकून न देता त्यावरूनच 'कुलित्यूद' ही संकल्पना उभी केली. मला दुसरी वाट अधिक प्रामाणिक वाटते. 'आप्रवासी' हा शब्द निर्मळ आहे खरा, पण धक्क्यावर काय घडले ते तो सांगत नाही.

हे सारे परदेशीचे म्हणून मराठी वाचकास दूर ठेवता येणार नाही. 'घाटी' म्हणजे केवळ घाटावरचा. परंतु मुंबईत सातारा-पुण्याकडून पोटासाठी आलेल्या मराठी कष्टकऱ्यावर तो शब्द शिवीसारखा फेकला गेला. 'भय्या' हे तर भावाचे संबोधन. उत्तरेकडून आलेल्या दूधवाल्यापासून टॅक्सीचालकापर्यंत सर्वांना ते लावताना त्यातले नाते गळून पडले, आणि 'घाटी' ऐकून दुखावलेल्यांच्या तोंडीही ते सहज रुळले. वृत्तपत्री मराठीतील 'परप्रांतीयांचे लोंढे' हा प्रयोग मला याहून घातक वाटतो. लोंढ्याला चेहरा नसतो, आणि पाण्यापुढे बांध घालण्यापलीकडे काही सुचत नाही. उलट, ओझी वाहणाऱ्यांना १९६९ च्या महाराष्ट्र अधिनियमाने 'माथाडी' व 'हमाल' ही नावे देऊन वेतन व भविष्यनिर्वाह निधी यांच्याशी जोडले. काम तेच होते.

अनुवादकांपुढे यातून एक प्रत्यक्ष अडचण उभी राहते. नाताळ-ट्रान्सवालच्या कागदपत्रांतील 'कुली'साठी मराठीत 'मजूर' किंवा 'हमाल' लिहिणे सभ्यपणाचे वाटते, आणि बहुतेक तसेच लिहिले जाते. परंतु १८८५ च्या कायद्याने जमीन नाकारली ती मजुराला नव्हे. ओझे कधीही न उचललेल्या दुकानदारालाही तिने गाठले. तेथे 'कुली' हाच शब्द ठेवून तो कोणी, कोणास उद्देशून वापरला ते तळटिपेत सांगणे योग्य.