सन्मान आणि किताब

२ जानेवारी १९५४ रोजी भारतरत्न व पद्मविभूषण या सन्मानांची स्थापना झाली आणि त्याच वर्षी भूतानचे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांना पद्मविभूषण देण्यात आले. राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब देण्यास राज्याला मनाई केलेली असताना एका राजाचा असा गौरव कसा झाला, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

ब्रिटिश अमदानीत 'सर', 'रावबहादूर' यांसारखे किताब नावाचाच भाग बनत आणि माणसामाणसांत दर्जाची भिंत उभी करीत. ही विषमता घटनाकारांना नको होती. लष्करी व विद्याविषयक बहुमान तेवढे त्यांनी अपवाद म्हणून ठेवले. पद्म सन्मान ही कार्याची पावती होय. त्याने नाव बदलत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सन्मान वैध ठरविले. मात्र ते नावाच्या आधी वा नंतर लावू नयेत, असेही स्पष्ट केले.

नेल्सन मंडेला यांना १९९० साली भारतरत्न मिळाले, तेव्हा ते नुकतेच बंदिवासातून मुक्त झाले होते. राष्ट्राध्यक्षपद त्यांच्याकडे १९९४ साली आले. सन्मानास सिंहासन वा सत्ता लागत नाही, हे यावरून दिसते.

भारतीय नागरिकास परकीय राज्याचा किताब स्वीकारता येत नाही. शासकीय पदावरील व्यक्तीस तर परकीय राज्याकडून भेटवस्तूही राष्ट्रपतींच्या संमतीवाचून घेता येत नाही.

गावच्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांच्या नावामागे 'पद्मश्री' छापण्यापूर्वी हा भेद ध्यानी घेतला पाहिजे. त्यांच्या कार्याचा परिचय करून देणे, हाच त्यांचा खरा गौरव होय.